नऊशे रुपयांतल्या हेडफोनाची मोहीम

श्री सुरांस नमन, तालास नमन, आणि जे मन लावून ऐकतात त्यांस दोन वेळा नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, माघ वद्य पंचमीचे सुमारास एका राज्यात जी गडबड उडाली तिची हकीकत सांगतो, ती कान देऊन ऐकावी. राज्याचे नाव सांगत नाही, उगाच भांडणे होतात. राज्य म्हणजे चौदा असामींचा बँड, लग्नावरातीत वाजविणारा. अंगी लाल कोट, खांद्यास पिवळी झालर, डोईस फेटा, आणि एक हातगाडी, तिजवर कर्णा. सिंहासनी दाजीबा महाराज ऐवळे, हाती क्लॅरनेट. ढोलाची सरदारी म्हाकू जावीर याजकडे, मनुष्य हत्तीएवढा, कुजबुजला तरी दोन घरे जागी व्हावीत. आणि सर्वांच्या मागे, शेवटच्या रांगेच्याही शेवटी, खुळखुळ्यावर येताळा गोरवे. त्यास सरदार कोण म्हणतो? "ए खुळखुळ" म्हणत, आणि तो हसत असे.

आता राज्याचा कायदा ऐका. लिहिलेले सूर वाचणारा चौदांत एकही नव्हता. नवी चाल आली की ती आधी महाराजांच्या कानात शिरावी, कानातून क्लॅरनेटात उतरावी आणि मग तेथून बाकी तेरा जणांस वाटून द्यावी, असा बत्तीस वर्षांचा शिरस्ता. म्हणजे खजिना म्हणा, तोफखाना म्हणा, राज्याचे सगळे बळ महाराजांच्या कानात. आणि दोन घरे पलीकडे दुसरे राज्य, सर्जा मास्तराचे, तेही बँडाचेच. दोन्ही राज्यांचे हाडवैर, पण तंबाखू एकाच डबीतली.

तर कुंडलिकतात्या माळी, द्राक्षबागाईतदार, मोठा असामी, त्यांनी थोरल्या लेकीचे लग्न काढिले आणि दोन्ही मास्तरांस बोलावणे धाडिले. तात्या ओसरीवर बसून बोलते झाले, "माझ्या लग्नात एक जुनी तबकडी वाजली व्हती. क्लॅरनेट सवाल इचारतंय आन् जाड गळ्याचा बाजा जवाब देतोय. तीच चाल मला पोरीच्या साखरपुड्याला पायजे. आज बुधवार, रविवारी साखरपुडा. दोघंबी वाजवा. ज्याची खरी बसंल त्याला लगीन, आन् भावकीतली अजून सात लग्नं हायती, ती बी त्यालाच." आणि चाल दोघांच्या फोनात घालून दिली. सात अधिक एक आठ लग्ने! म्हणजे सारा हंगाम! मग महाराजांनी मिशीस पीळ दिला आणि सर्जाकडे पाहून गर्जले, "चार दिस कशाला? चार तास बास! चाल बसली न्हाई तर क्लॅरनेट खाली ठेवीन आन् जलमभर खुळखुळा वाजवीन!" सर्व हसले. मागे पायरीशी उभा येताळाही हसला, पण जरा उशिराने.

मग महाराज घरी आले आणि फोन कानास लाविला. फोन बटणांचा, जुना, साऱ्या राज्यात तसलेच. सवाल ऐकू आला, पण जवाब कोठे? घागरीत भुंगा कोंडावा तशी नुसती गुणगुण. मग फोन हातगाडीच्या कर्ण्यास जोडिला, तर सवाल किंचाळू लागला आणि जवाब होता तोही मेला. आणि इकडून कर्णा लागला की तिकडून सर्जाने ढोल बडवावा, मुद्दाम बडवावा, जेवणाची सुटीसुद्धा न घेता बडवावा! गुरुवार गेला. शुक्रवार उजाडला आणि महाराजांस सवालही धड पाठ नाही. मग मसलत बसली. ट्रंपेटवाला बोलला की हेडफोन घ्यावा, कान झाकले म्हणजे सर्जा बाहेर आणि चाल आत. ही मसलत सर्वांस मानवली, आणि चौदा जणांनी चौदा खिसे उलटे केले, नऊशे रुपये जमले, आणि महाराज, म्हाकू सरदार असे मोहिमेवर निघाले. पिशवी धरायला येताळा घेतला.

पहिली लढाई स्टँडासमोरच्या काचेच्या दुकानात जाहली. दुकानदाराने दोन वाट्यांएवढा काळा हेडफोन काढिला आणि म्हाकूच्या डोईवर चढविला आणि आपल्याकडचे दणदणीत ढोलाचे गाणे लाविले. म्हाकूचे डोळे विस्फारले, पाय आपोआप चालू लागले, "मास्तर! काळीज हाललं! ह्योच घ्या, ढोल तर बघा कसला!" आणि काढून हातात घेऊन ढोल परखावा तशी वाटीवर टिचकी मारून पाहिली. दुकानदार ओरडला, "अहो मामा, ते वाजवायचं नाही, ऐकायचं!" किंमत पुसिली तर दोन हजार चारशे. महाराजांनी नऊशे दाखविले. मग दुकानदाराने डबीतले बिनतारी, कानात घालायचे दोन दाणे काढिले, पण ते महाराजांच्या बटणांच्या फोनाशी बोलेनात, आणि शिवाय रोज वीज पाजावी लागते म्हणे. म्हाकू बोलला, "म्हंजे गाडीचा दिवा झाला की! ऐन वरातीत इझायचा." आणि तेथून फौज माघारी फिरली.

मग मागच्या बोळात जैतुनबीचे दुकान. दुकान कसले, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्यास भिंग. बाई फोन दुरुस्त करीत आणि हलका माल विकीत, पण जबान अशी की मोठे मोठे गार व्हावेत. बाईंनी वर न पाहताच विचारिले, "ऐकायचं काय? बसायचं कुठं? खिशात किती?" महाराजांनी तिन्हींचे उत्तर दिले आणि काचेच्या दुकानातली हकीकतही सांगितली. बाई बोलल्या, "मग त्या काचवाल्याकडं त्याचं गाणं कशाला ऐकत बसलात? त्याच्या गाण्यात त्याचा माल गोडच लागणार. तुमचं गाणं लावा की! सोनार दुसऱ्याचं सोनं घासून तुमच्या पाटल्यांचा भाव सांगतो का?" म्हाकूने मान खाली घातली. मग बाईंनी साडेआठशेचा तारेचा हेडफोन काढिला, कान पुरते झाकणारा, आणि तात्यांची चाल लाविली, आणि महाराजांनी तो डोईवर घेतला आणि डोळे मिटले. काय सांगावे! सवाल असा स्वच्छ आला की क्लॅरनेट वाजविणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. महाराजांच्या अंगावर काटा! पण लगेच कपाळास आठी. "उजवा झ्याक हाय. डावा मेलाय."

बाईंनी दुसरा दिला. "ह्याचाबी डावा मेलाय." तिसरा दिला. "ह्याचाबी!" महाराज तापले, "ताई, समदे खोटे डावे तुमच्याच दुकानात कसे गोळा झाले?" म्हाकूनेही री ओढिली, "मास्तरांचा कान बत्तीस वर्सं चुकला न्हाई!" बाई रागावल्या नाहीत. तिसरा हेडफोन घेऊन स्वतः ऐकला, दोन्ही बाजू नीट ऐकल्या, आणि मग परत देताना हळूच बोलल्या, "दादा, आता उलटा घाला. डावा उजव्यावर." महाराजांनी उलटा घातला. आणि एकदम उठून उभे राहिले, "आला! जवाब आला! काय जाडजूड, काय गोड... आरं पण..." आणि खाली बसले. "आरं, सवाल कुठं गेला?"

तबकडीत सवाल एका कानात भरला होता आणि जवाब दुसऱ्या. यंत्र उलटे केले तरी जी बाजू महाराजांच्या डावीकडे गेली ती मेली, म्हणजे मेले काय, ते तीन वर्षांच्या पोरासही कळावे. बत्तीस वर्षे ट्रंपेट महाराजांच्या डाव्या खांद्याशी वाजला, आणि थोडा थोडा करून तो कान घेऊन गेला, आणि रस्त्याच्या गोंगाटात महाराजांस त्याचा पत्ता नाही. म्हाकूएवढा माणूस, तोही पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मग महाराजांनी फेटा काढून मांडीवर ठेविला आणि येताळापुढे हात केला. "आण रं तुझा खुळखुळा. बोललो व्हतो न्हवं. क्लॅरनेट म्हाकूच्या पोराला द्या." आणि येताळा, जो कधी उलट बोलला नाही, तो बोलता झाला, "देत न्हाई. खुळखुळा माझा हाय. तुमी तुमचं बघा."

जैतुनबी फसकन हसल्या आणि बोलल्या, "बरोबर बोलला की! अहो दादा, एक कान शाबूत आहे ना? एकेक बाजू उलटसुलट ऐकून काम भागेल?" महाराज बोलले, "न्हाई भागत. सवाल संपायच्या आधीच जवाब शिरतोय. कुठं शिरतोय ते दोन्ही एकदम ऐकल्याबिगर कळायचं न्हाई." बाई बोलल्या, "मोठ्या फोनात दोन्ही बाजू एकत्र करायची सोय असते, या डबड्यात नाही. आणि नवा फोन नऊशेत येत नाही. थांबा." आणि साडेआठशेचा हेडफोन बाजूला सारून खणातून रबरी बोंडांचा, तारेचा, कानात खुपसायचा जोड काढिला, किंमत एकशे ऐंशी. "याच्या दोन दोऱ्या सुट्या. एक तुमच्या उजव्या कानात, दुसरी दुसऱ्याच्या कानात. दोघांनी मिळून एक माणूस व्हा. पण दुसरा कान चांगला पाहिजे."

म्हाकू पुढे सरसावला. बाईंनी त्याच्या पाठीमागे उभे राहून दोन बोटे एकमेकांवर चोळिली आणि विचारिले, "काय वाजतंय?" म्हाकू बोलला, "सुरू केलं का तुमी?" ढोलाने त्याचेही कान घेतले होते! मग येताळाची पाळी. त्याच्या मागे बोटे चोळिली, ओळखिली. दोन हात लांबून चोळिली, ओळखिली. बोळाच्या तोंडाशी जाऊन बाई काही पुटपुटल्या, तर येताळा बोलला, "चहा सांगू का म्हणताय. सांगा." महाराज चकित! "आरं, तुला एवढं ऐकू येतंय?" येताळा बोलला, "मी मागं असतोय मास्तर. लांब. तितनं समदं ऐकू येतंय. म्हाकू सरदार परवा मला काय म्हणाला, त्ये बी." म्हाकूने चहाचे पैसे दिले, आपखुशीने दिले! आणि निघताना बाईंनी महाराजांस दटाविले, "आवाज निम्म्यावर ठेवा. जास्त नाही. आता तुमच्याकडं सुटा कान शिल्लक नाही." जोड एकशे ऐंशीस घेतला, आणि बाकी रक्कम राज्यात परत आली.

मग शुक्रवार संध्याकाळ आणि सबंध शनिवार महाराज आणि येताळा एका घोंगडीवर बसले, येताळा उजवीकडे, मध्ये तार, दोघांची डोकी टेकलेली. रबरी बोंडे कानात बसली, येताळाने दुसऱ्या कानात कापूस कोंबला आणि सर्जाचा ढोल भिंतीपलीकडे मुका जाहला. महाराज सवाल गुणगुणत आणि येताळा "भं भं भं" करून जवाब देई, आणि जवाब जेथे शिरे तेथे महाराजांच्या गुडघ्यावर थाप मारी. महाराज विचारीत, "आरं, एवढ्या लवकर शिरतो?" येताळा म्हणे, "शिरतो मास्तर. वाट बघत न्हाई. बायकोवाणी हाय, आपलं बोलणं संपायच्या आधीच सुरू." महाराज हसून लोळले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आणि शनिवारी दिवेलागणीस चौदाच्या चौदा जणांत चाल उतरली! जाड गळ्याच्या बाज्यास तर येताळानेच एकेक सूर तोंडाने घालून दिला, आणि त्या दिवशी त्यास कोणी खुळखुळ म्हटले नाही.

रविवारी तात्यांच्या अंगणात साखरपुडा. सारी भावकी लोटली. पहिला मान सर्जाचा. सर्जाने सवाल फक्कड वाजविला, खोटे का बोलावे, पण जवाब त्याच्याही फोनात नव्हता, आणि जवाबाच्या जागी त्याने ढोल भरला. पोरे नाचली, पण तात्या भिंतीकडे पाहत बसले. मग आमचे राज्य उभे राहिले. महाराजांनी हुकूम केला, "येताळा, म्होरं ये. माझ्या उजवीकडं ऱ्हा." शेवटच्या रांगेतला मनुष्य बारा जणांना ओलांडून पुढे आला, आणि क्लॅरनेटाने सवाल टाकिला, आणि सवाल संपायच्या आतच येताळाने कोपर टोचिले आणि डावीकडून जवाब उठला. महाराजांस तो धड ऐकूही येत नव्हता, पण कोपर टोचले की ते सूर लांबवीत, पुन्हा टोचले की सोडीत, आणि सवाल-जवाब एकमेकांत असे मिसळले की आचारी झारा हातात धरून बाहेर आले! तात्यांनी टोपी काढिली, माजघराकडे हाक दिली, "अगं, भाईर ये! तीच हाय! तीच!" आणि तात्यांची मंडळी पदरास पीठ लागलेलेच घेऊन उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

चाल संपली आणि तात्या महाराजांच्या डावीकडून येऊन काही बोलले. आता पूर्वी असे होई की डावीकडून कोणी बोलले की महाराज उगाच मान हलवीत आणि हसत, आणि लोक म्हणत, मास्तर फार गोड माणूस. भोवती सारी भावकी, समोर सर्जा दात काढून उभा, चौदा माणसांचे राज्य पाहत होते. महाराजांनी मान हलविली नाही. सगळ्यांस ऐकू जाईल असे बोलले, "तात्या, ह्या बाजूनं या. माझा डावा कान गेलाय." सर्जाचे हसू जागीच मावळले. तात्या वळसा घालून उजवीकडे आले आणि येताळाच्या खांद्यावर हात ठेवून परत बोलले, "म्हनलं, लगीन तुमचं. सातबी तुमचीच."

एवंच, मोहीम दोन दुकानांची, खर्च एकशे ऐंशी, लाभ आठ लग्नांचा. येताळा गोरवे यांस डाव्या कानाची सुभेदारी, पहिल्या रांगेत उभे राहण्याच्या मानासह, वंशपरंपरा. ट्रंपेट चार हात लांब हलविला. महाराज हंगाम सरल्यावर कानाच्या डॉक्टराकडे गेले, गेलेले परत येणार नाही असे कळले, उरलेले जपत आहेत. ज्यास हेडफोन घेणे त्याने आपले गाणे आणि आपला कान सोबत घेऊन जावे, दुकानदाराचे दोन्ही दुकानीच ठेवावे. जे घडले ते सांगितले, येथे दौतीचे झाकण लावले.