परत येण्याचा पुरावा

आमच्या घरात कागदपत्रांचा माणूस मी. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर जायचं ठरलं तेव्हा बायकोला म्हटलं, तू फक्त टोपी निवड, व्हिसा माझ्यावर सोड! लग्नाला तीन वर्षं होऊनही आमचा मधुचंद्र म्हणजे भिजत पडलेलं घोंगडं होतं.

फाइल अशी लावली की खुद्द बेटालाही स्वतःबद्दल इतकी माहिती नसेल. पासपोर्टची मुदत, परतीचं तिकीट, हॉटेल, विमा, दोन्ही कान दिसणारे फोटो. (माझे कान कुठल्याच फोटोत लपत नाहीत.) राहिला फक्त परत येण्याचा पुरावा, म्हणजे ऑफिसचं पत्र.

बायको दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याने लिहिलं, 'डॉक्टर वेळेवर परतल्या नाहीत तर अकरा जण तोंड उघडं ठेवून बसतील.'

मी लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी लिहून घेतो. साहेब सहजी सुट्टी देत नाहीत, म्हणून महिन्यापूर्वी मी अर्जात जीव ओतला होता: माझ्यावाचून काही अडणार नाही, माझं काम फोन उचलणारं यंत्रही करेल. सुट्टी मंजूर झाली होती.

आता त्याच साहेबांना म्हटलं, माझ्यावाचून अडतं असं लिहून द्या. साहेब खोटं लिहीत नाहीत. त्यांनी माझाच अर्ज पाकिटात घातला, खाली शेरा मारला, 'अर्जदाराशी सहमत. हवे तितके दिवस ठेवून घ्यावे.' मी पाकीट न उघडता फाइलला जोडलं.

व्हिसाच्या खिडकीमागच्या बाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"तुम्ही परत कशाला याल हो?"

"बायको आहे ना मला."

"त्या तर तुमच्याबरोबरच निघाल्यात."

बायको टोपीची किंमत खोडण्यात गुंग होती.

तिला व्हिसा मिळाला. मला नाही. तिकिटं परत होत नव्हती.

"तू जा म्हणालास तरच जाईन," ती म्हणाली. तोवर बॅगेची चेन लावून झाली होती.

सुट्टी रद्द करायला गेलो, तर साहेब म्हणाले, "राहू दे रे. तूच लिहिलंयस ना, काही अडत नाही."

बारा दिवस फोन उशाशी घेऊन घरी बसलो. बायकोचा रोज यायचा. ऑफिसचा एकदाही नाही! शेवटी मीच ऑफिसला फोन लावला, आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असल्याची खोटी तक्रार करायला. यंत्राने पहिल्याच घंटेला फोन उचलला, आपुलकीने चौकशी केली, आणि अर्ध्या तासात माणूस येऊन चालू लिफ्ट दुरुस्त करून गेला.

माझ्या काळात बंद लिफ्टलाही दोन दिवस लागायचे.