टोपीखालची शीर

धोंडीरामांच्या टकलाइतकं गुळगुळीत युसूफ वडगाव या गावात दुसरं काही नव्हतं. डॉक्टरकी शिकणाऱ्या धाकट्या नातीला, आरोहीला, परीक्षेच्या तोंडावर ते फारच सोयीचं वाटलं. डोक्यातल्या शिरा तिनं नारळावर काढून पाहिल्या होत्या, पण शेंडी मधे यायची. मग आजोबांना ओट्यावर बसवून तिनं लाल मार्करनं डाव्या कानशिलापासून मेंदूची मधली धमनी काढली. तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या.

"आबा, पेनातल्या रिफिलएवढी असते ही. हिच्यामुळंच तुमचा उजवा हात हलतो, हिच्यामुळंच बोलता तुम्ही."

"एवढ्याशा शिरंवर?"

धोंडीराम थक्क झाले. जन्मभर गप्पा हाणल्या, सरपंचाशी भांडलो, ते सगळं एका रिफिलीच्या जिवावर! तेवढ्यात जीप आली. थोरल्या नातीची, अंजलीची सोयरीक पक्की करायला वडवणीला जायचं होतं. शिरेच्याच विचारात त्यांनी टोपी चढवली आणि निघाले.

बैठक झकास जमली. चहा झाला आणि रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना फेटे बांधायची वेळ आली. फेट्यासाठी टोपी काढावी लागते, हे आठवताच धोंडीरामांचा हात टोपीवर गेला.

"मला नगं फेटा."

"असं कसं? मान हाय तुमचा!" म्हणत मुलाचे वडील कारभारी यांनी टोपी उचललीसुद्धा.

लाल रेषा बघून बैठकीतले सगळे पुढं सरकले.

"अगं बया! डोस्क्याचं आपरेशन झालंय ह्यांचं!" मुलाची आई मालनबाई ओरडल्या. "सांगितलं कावून न्हाई? पोरीच्या रक्तातबी असंल तर?"

"न्हाई हो, नातीनं चित्र काढलंय."

"डोस्क्यावर?"

धोंडीरामांनी ओल्या टॉवेलनं खसाखसा घासलं. रेषा जागच्या हलल्या नाहीत, कातडी मात्र सुजून टाके पिकल्यासारखे दिसू लागले. आपल्या टकलापायी अंजलीचं लग्न मोडणार, हे त्यांना दिसत होतं. शेवटी त्यांनी डोकंच पुढं केलं.

"बघा, ही हितनं वर चढते. ही फांदी हाताची, ही तोंडाची. रिफिलीएवढी हाय. तुमच्यात हाय, माझ्यात हाय. जलमल्यापासनं एक घडी थांबली न्हाई, अन् आपल्याला पत्ता न्हाई!"

एकेकाचा हात नकळत आपापल्या कानशिलावर गेला. मालनबाईंचाही.

कारभारी मात्र खाली बघत होते. त्यांनी सावकाश स्वतःचा फेटा उतरवला. डाव्या कानशिलापासून वर, केसांतून, एक पांढरा व्रण गेला होता.

"खरं आपरेशन हे हाय," ते म्हणाले. "ह्याच शिरंला फुगा आलता. पोराची सोयरीक मोडंल म्हणून हिनं सकाळपासनं फेटा उतरू दिला न्हाई."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. धोंडीराम उठून जवळ गेले आणि त्यांनी व्रणावर अलगद बोट ठेवलं.

"अन् तरी तुमी बोलताय?"

"बोलतोय की."

"मग असलं घर सोडायचं न्हाई बघा. सोयरीक पक्की!"

मालनबाई साखर आणायला लगबगीनं उठल्या, रक्ताचा विषय पुन्हा कुणी काढायच्या आत.