फाटकातली महाराणी

माझं नेमकं काय चुकलं, एवढंच मला कुणीतरी सांगावं. जेवता जेवता मी एक वाक्य बोललो. एकच! "बाबा, एकदा गाडीचं रीतसर व्हॅल्युएशन करून घ्यायला हवं." त्या एका वाक्यापायी भर दुपारी अख्ख्या रस्त्यासमोर माझी जी शोभा झाली, तिला तोड नाही. आणि वर सगळे मलाच हसतात!

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांना जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड. साधासुधा छंद म्हणाल तर तसं नाही. तरुणपणी त्यांनी अशा तीन गाड्या जमवल्या, आणि पुढे दोन विकून त्या पैशात तिसरीचे अस्सल सुटे भाग जमवले. ही तिसरी म्हणजे महाराणी. (कंपनीचं नाव सांगत नाही. या प्रकरणानंतर मी तिची फुकट जाहिरात करावी, हे कुणालाही पटणार नाही.) रंग मलईसारखा, मागे माशासारखे दोन पंख, पुढचा बंपर एवढा चकचकीत की सासूबाई त्यात बघून केस सारखे करतात. लांबी म्हणाल तर तिच्या नाकाशी उभं राहून शेपटीशी असलेल्या माणसाला हाक मारावी लागते. सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिकसुद्धा बाबांनी काढलेलं नाही. माझ्या लग्नात वरात या गाडीतून काढू का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "मुलगी देतोय, तेवढं पुरे."

तर बाबांना मुलगे नाहीत. मुली दोन, जावई दोन. एक मी, जकात खात्यातला कारकून. दुसरे आमचे साडू, दातांचे डॉक्टर. गाडी पुढे कुणाकडे जाणार, हा प्रश्न घरात कुणी उघड विचारत नाही आणि मनातून कुणी सोडत नाही. साडूंनी मागच्या महिन्यात बाबांना काच पुसायचं खास मऊ कातडं आणून दिलं. बाबा ते चार दिवस गालाला लावून बघत होते. आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं का? म्हणून मी व्हॅल्युएशनचा विषय काढला.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावईबापू, एवढा विचार कुणी केला नव्हता हो!" साडूंच्या घशात घास अडकला. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

रविवारी व्हॅल्युअर आला. शिडशिडीत माणूस, हातात पांढरे मोजे, खिशात टॉर्च आणि लोहचुंबक. बोलणं इतकं हळू, की आजारी माणसाच्या खोलीत आल्यासारखं वाटावं. गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या त्यानं एक सुस्कारा सोडला आणि महाराणीच्या दारावर चुंबक टेकवलं.

"कुठेही पुट्टी भरलेली नाही," तो कुजबुजला. "सगळा मूळ पत्रा. मूळ रंग. नव्यानं रंगवलेल्या पुष्कळ बघतो मी. पण मूळ रंग एकदाच असतो. एक ओरखडा गेला, की संपलं."

बाबांनी भिंतीला धरलं. ओरखडा या शब्दानं त्यांना तसंच होतं.

"मात्र उजेडात बघायला हवी," व्हॅल्युअर म्हणाला. "आणि स्वतःच्या इंजिनावर बाहेर आलेली बघायला हवी. त्याशिवाय मी आकडा सांगत नाही."

आता आली का पंचाईत! बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पेडल दाबायची बंदी. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. साडू तेवढ्यात टायर बघायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग कुणी बोलायचं?

"मी काढतो की," मी म्हणालो.

"अहो!" बायको म्हणाली. या एका 'अहो'त तिनं बराच मजकूर भरला होता, पण मी तो वाचला नाही. माझ्याकडे लायसन्स आहे. आमच्या छोट्या गाडीवर मी रोज ऑफिसला जातो. गाडी ती गाडी.

आत बसलो आणि पहिला धक्का बसला: स्टीअरिंग नको त्या बाजूला. दुसरा धक्का: गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच चिकटलेला. तिसरा: समोरचं बॉनेट इतकं लांब, की त्याचं टोक दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचं असावं. बाबांनी धूळ जाऊ नये म्हणून काचा बंद ठेवायला सांगितल्या. काचा विजेवर चालणाऱ्या. बटण दाबलं, त्या राजेशाही थाटात वर गेल्या. (तेव्हा कौतुक वाटलं मला!)

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बाबांनी मान डोलावली, व्हॅल्युअरनं डोळे मिटले. मी रिव्हर्स टाकला. महाराणी संथपणे मागे निघाली, फाटकातून अर्धी बाहेर पडली. आणि मग एकाच वेळी बाबा म्हणाले "डावीकडे!", साडू म्हणाले "उजवीकडे!", सासूबाई म्हणाल्या "जपून!" मी तिघांचंही ऐकलं. एखाद्यानं आणखी काय करावं?

थोडं मागे, थोडं पुढे, परत मागे. शेवटी महाराणी फाटकात तिरकी बसली. मागचा बंपर अरुंद रस्त्यापलीकडे समोरच्या घराच्या भिंतीपासून बोटभर. डावं दार फाटकाच्या एका खांबापासून बोटभर, उजवं दार दुसऱ्या खांबापासून बोटभर. या गाडीला दारं दोनच, पण एकेक दार आमच्या कपाटाएवढं. ते उघडायला अंगण लागतं. मी घाबरून ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. मी किल्ली फिरवली. परत फिरवली. फिरवतच राहिलो. हळूहळू आतून नुसता 'टक्' असा आवाज यायला लागला, आणि मग तोही येईना.

बॅटरी गेली. बॅटरीबरोबर काचाही गेल्या.

"दार उघडू नका!" बाबा किंचाळले. "खांबाला लागेल!"

"मग मी बाहेर कसा येऊ?"

"तुमचं नंतर बघू!"

हे ऐकलंत? माझं नंतर बघू!

दाराच्या काचेपुढे एक छोटी तिकोनी काच असते, ती हातानं उघडते. तेवढीच माझी जगाशी वाट उरली. तिच्यातून आधी बायकोचा एक डोळा दिसला.

"काही हवंय का?"

"बाहेर यायचंय!"

"ते सोडून?"

ती हसत होती. शपथेवर सांगतो, ती हसत होती. उन्हानं आत प्लॅस्टिक तापलं होतं, माझा शर्ट त्याला चिकटला होता, हललो की 'फर्रर्र' असा आवाज व्हायचा, आणि दर वेळी बाबा बाहेरून ओरडायचे, "शिवण सांभाळा!" सासूबाईंना माझी दया आली. त्यांनी फटीतून स्ट्रॉ घातली आणि बाहेर पेला धरला. मी एक घोट घेतला असेल नसेल, बाबांनी पेला काढून घेतला. "गालिचा मूळचा आहे तो!"

आणि तो व्हॅल्युअर! माणूस आत उकडून निघतोय, याचं त्याला काही नाही. तो फटीशी येऊन कुजबुजला, "आत आहातच तर ॲश-ट्रे ओढून बघता? सहज सरकतो ना?"

"सरकतो," मी दातओठ खात म्हणालो.

"वा! आता जरा उजवीकडे सरका. तुमच्या खालची शिवण दिसत नाही."

मी सरकलो. फर्रर्र. काय करणार?

एव्हाना दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या होत्या. एक पाववाला, दोन रिक्षा, एका रिक्षेत वाट बघणारी लग्नाला निघालेली मंडळी. सगळे उतरून मला बघायला आले. एकानं काचेवर टकटक केली आणि विचारलं, "विकायची आहे का?" मी हात जोडले. त्यानं बायकोला विचारलं, "हे पण धरून?" तिनं थोडा विचार केला. मी पाहिलं, केला!

मग समोरच्या घरातून निवृत्त मुख्याध्यापिका बाहेर आल्या. भिंत त्यांचीच. आणि बाईंचा आवाज अजून शाळेतलाच.

"गर्दी कशाला? निळा शर्ट, मागे व्हा! तुम्ही, रांगेत!" सगळे रांगेत उभे राहिले. साडूंनी तर हाताची घडी घातली. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "एकतर गाडीला खरचटेल, नाहीतर खांब पाडावा लागेल. बोला."

बाबांच्या वडिलांनी बांधलेलं फाटक ते. खांबावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. बाबांनी पाटीकडे पाहिलं, महाराणीकडे पाहिलं.

"खांब पाडा," ते म्हणाले. "खांब परत बांधता येतो."

कोपऱ्यावर काम करत असलेला गवंडी हातोडा घेऊन आला. पण विटेचा कपचा उडून रंगाला लागला तर? मग आळीतल्या रजया आल्या, चादरी आल्या, कुणाकडून तरी अख्खी गादी आली. महाराणीला चोहीकडून गुंडाळलं. माझ्यासकट! काळोख झाला. तिकोनी काचही झाकली. मी आतून ओरडलो, "अहो, मी आत आहे!" बाहेरून बाबांचा आवाज आला, "हो हो, ती सुरक्षित आहे!"

त्या काळोखात, डोक्याशी हातोडा दणदणत असताना, मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुदैवानं रजया जाड होत्या.

खांब पडला, रांगेतल्या लोकांनी बाईंच्या शिट्टीवर गाडी ढकलली, महाराणी गॅरेजमध्ये परतली. रजया निघाल्या. दार उघडलं. मी बाहेर पाय टाकतो तोच मला बाजूला सारून व्हॅल्युअर आत शिरला, टॉर्च लावली आणि मी बसलो होतो ती जागा रुमालानं पुसली. मग बाहेर येऊन त्यानं मोजे काढले.

"एकही ओरखडा नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा मोठ्यानं म्हणाला. "एवढी जपलेली गाडी मी बघितलेली नाही. आकडा तुम्ही म्हणाल तो. फक्त हिला यापुढे कुणाला चालवू देऊ नका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पडलेल्या खांबाच्या ढिगावर उभे राहिले.

"आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो," ते म्हणाले. "माझ्यामागे महाराणी कुणाकडे जाणार, ते ठरलं."

मी ओला शर्ट सारखा केला. एवढं भोगल्यावर दुसरं कुणाचं नाव येणार होतं?

"थोरल्या जावयांकडे," बाबा म्हणाले आणि साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांना गाडी चालवताच येत नाही. आजच मला कानात सांगितलं त्यांनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा काय न्याय झाला? मी त्या ढिगावर चढलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अहो बाबा, गाडी चालवता मला तरी कुठे येते?"

मग पाववाला, रिक्षावाले, लग्नाची मंडळी, मुख्याध्यापिका आणि माझी स्वतःची बायको, सगळे एका सुरात म्हणाले,

"ते बघितलं आम्ही."