नानांच्या डोक्यातला पोस्टमन

"नाना, कपाळ वर आहे हो!" नाकावरचं कुंकू पुसत भूषण वैतागला.

"माले दिसस. हाताले दिसत नही," चुडामण नाना शांतपणे म्हणाले.

भूषणच्या लेकीच्या, हेमांगीच्या साखरपुड्याला चार दिवस उरले होते. नवरदेवाला पहिला टिळा घरातल्या थोरल्यानं लावायचा, आणि नातीसाठी तो मान नाना कुणालाही द्यायला तयार नव्हते. उजवा हात मात्र थरथरत होता. मेंदूत निरोप पोचवणारं डोपामिन कमी पडलंय, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "टपाल आहे, पोस्टमन नाहीत. ही गोळी म्हणजे पोस्टमनची भरती." नाना स्वतः पोस्टमन होते, म्हणून डॉक्टरांनी हा दाखला दिला. तिथंच घोळ झाला.

दोन महिने गोळी चालू होती, गुण शून्य. सराव भूषणच्या कपाळावर. बँकेत साहेबांनी विचारलं, "पाटील, आज नाकाची पूजा का?" घरी बायको, दिपमाला म्हणाली, "आरशात बघून जात जा ना!" भूषणचं डोकंच फिरलं. रजा टाकून त्यानं नानांना धुळ्याच्या एसटीत बसवलं.

"गोळी उपाशीपोटीच देता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज सकाळी सातला, माझ्या हातानं!" भूषण ठणकावून म्हणाला.

"तो देस, मी खिसामा ठेवस," नाना म्हणाले. "नऊ वाजता कळणानी भाकर आनी दायसंगे गोळी खास. उपाशी माणूस काय टपाल वाटी? चाळीस वरीस गावोगाव लोकेस्नी माले जेवाडं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, भाकरीतल्या उडदातली आणि डाळीतली प्रथिनं त्या पोस्टमनला वाटेतच अडवतात!"

परतीच्या एसटीत भूषण जळगाव येईपर्यंत बोलला. नाना खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवसापासून गोळी त्याच्यासमोर, उपाशीपोटी.

साखरपुड्याला जळगावातल्या मेहरूण भागातल्या घरात पाहुणे दाटीवाटीनं बसले. पाटावर नवरदेव, समोर नाना, शेजारी ताट धरून भूषण. नानांनी बोट कुंकवात बुडवलं आणि ताट खडखडायला लागलं. निरांजन कलंडलं, कुंकवाची वाटी थेट नवरदेवाच्या झब्ब्यावर.

"नाना, अहो काय हे..." भूषण ओरडला आणि थबकला. नानांचं बोट नवरदेवाच्या कपाळासमोर जागच्या जागी, अगदी स्थिर होतं. हलत होतं ते ताट. ते त्याच्याच हातात होतं. समोर हेमांगी साडीत बसली होती आणि ती हे घर सोडून जाणार, हे त्याला आत्ता कळलं.

नानांनी सरळ टिळा लावला आणि ताटाखाली हात घातला.

"मी धरस. तू पहिले रडी ले."