अंगाबरोबर बंदूक

दुकानात एअर रायफली दोनच उरल्या होत्या. मॉडेल एकच, पण एक पूर्ण लांबीची आणि दुसरी आखूड नळीची. आखूड सासूबाईंना आणि लांब जावयाला, असं घरूनच ठरून आलं होतं. भांडणाला जागाच नव्हती, म्हणजे दुकानदाराने तोंड उघडेपर्यंत नव्हती.

सासूबाई म्हणजे अख्ख्या गल्लीच्या टेलरकाकू. जावयाचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर सुईच्या भोकात बघून डोळे जातील, जरा लांबचं बघायचा छंद लावा, असं सांगून त्यानेच त्यांना आपल्या नेमबाजी क्लबात नेलं होतं. आता तो पस्तावत होता, कारण जन्मभर सुईत दोरा ओवलेल्या काकूंचा नेम त्याच्यापेक्षा बरा निघाला. येत्या स्पर्धेत दोघांचीही नावं होती.

काकूंनी गळ्यातली टेप काढून दोन्ही बंदुकांची मापं घेतली. कव्हरं त्याच शिवणार होत्या. मापं त्या कधी लिहीत नसत, डोक्यात ठेवत, आणि तीही वस्तूच्या नाही तर माणसाच्या नावाने. हे माझं, हे जावईबापूंचं. टेप गळ्यात परत गेली, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "बरोबर निवडलीत. बुटक्या माणसाला आखूडच बरी."

जावई हसला. तिथेच घात झाला.

"मला लांब द्या," काकू म्हणाल्या.

"अहो आई, जड पडेल तुम्हाला. आणि ती तर मी..."

"जावईबापू, कापड नेहमी लांब घ्यावं. मागून आखूड करता येतं. आखूड घेतलं की बसा बोंबलत."

बंदुकीची नळी कात्रीने आखूड होत नाही, हे सांगायची कोणाची छाती झाली नाही. जावयाने गुपचूप आखूड उचलली.

कव्हरं मात्र सुरेख झाली. जाड निळं कापड, आत मऊ अस्तर, तोंडाला नाडी. जावयाचं त्याच्या घरी पोचतं झालं. काकूंनी आपली बंदूक आपल्या कव्हरात घातली आणि नाडी ओढायला गेल्या, तर नळी वीतभर बाहेर.

काका शेजारीच इस्त्री करत होते. संसारभर त्यांनी तेवढंच केलं होतं आणि तोंड मिटून ठेवलं होतं. आज मात्र त्यांना राहवलं नाही. "नळी बाहेर आलीये," ते म्हणाले.

"हवेची बंदूक आहे. हवा नको का लागायला?"

काका पुन्हा इस्त्रीकडे वळले.

एवढ्यावर भागलं असतं. पण सरावाला जायचं म्हणजे बस आली. काकूंनी बंदूक उभी धरली तर नळी त्यांच्या डोक्याच्याही वर जाई आणि मागच्या दोन रांगा आपोआप रिकाम्या होत. कंडक्टर तिकीट द्यायला येईना, तो लांबूनच मान डोलवी. बंदूक खरोखरच जड होती. खांदा भरून आला, नेमही ढळायला लागला, पण हे काकू मेल्या तरी बोलणार नव्हत्या. परतताना त्या औषधांच्या दुकानात शिरल्या, तर दुकानदाराने नळीकडे पाहून गल्ल्याचा खणच काढून पुढ्यात ठेवला.

"हे नको. बाम द्या," काकू म्हणाल्या.

ही गोष्ट गल्लीभर झाली आणि लोक हसले. हसण्याचं काकूंना काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या नर्सबाई आल्या आणि शिवायला टाकलेल्या कोटाचं माप जरा पुन्हा घेता का, असं चाचरत विचारून गेल्या. ते काकूंच्या काळजाला लागलं. आजवर त्यांना पुन्हा माप घ्या असं कोणी म्हटलं नव्हतं. उद्या सगळी गल्ली म्हणणार, मग मशीन विकलेलं बरं. काकांनी कव्हराला जोड द्यायचं सुचवलं. काकूंनी कात्री खाली ठेवली. "माप चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. जोड दिला की चुकलं असं कबूल केल्यासारखं होतं.

स्पर्धेच्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरीने काकूंना फाटकातच अडवलं. नळी उघडी असलेली बंदूक आत येणार नाही, नियम म्हणजे नियम. काकूंनी हवेचं कारण सांगून पाहिलं, पण गृहस्थ ढिम्म हलला नाही. मागे रांग लागली. तेवढ्यात जावई आला. त्याच्या कव्हराचं रिकामं टोक पायाशी लोळत होतं, आणि काकूंना नमस्कार करायला वाकताना तो त्यातच अडखळून सेक्रेटरीच्या अंगावर गेला. एवढे दिवस तो बायकोच्या धाकाने गप्प होता. आईने शिवलेल्या गोष्टीला नाव ठेवायची त्याच्या घरी सोय नव्हती.

काकूंबरोबर आलेल्या काकांनी एकदा या कव्हराकडे पाहिलं, एकदा त्या कव्हराकडे. "कव्हरं बदला की," ते म्हणाले.

काकूंच्या लख्ख ध्यानात आलं. मापं घेतली तेव्हा आखूड त्यांची होती आणि लांब जावयाची. त्यांनी बरोबर आपलं ते आपल्याला आणि त्याचं ते त्याला शिवलं होतं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कव्हरं कशाला बदलायची? कव्हरांचं माप तंतोतंत आहे. चुकल्यात त्या बंदुका. बंदुका बदला."

जावयाने हरकत घेतली नाही. उलट आखूड बंदूक त्याने इतक्या घाईने पुढे केली की सेक्रेटरी बाजूला सरला. लांब बंदूक लांब कव्हरात गेली, आखूड आखूडमध्ये, आणि दोन्ही नाड्या झकास बसल्या. काकूंचा खांदा महिन्याभरात पहिल्यांदाच मोकळा झाला. बक्षीस दोघांपैकी कोणालाच मिळालं नाही, पण काकू जावयाच्या पुढे राहिल्या.

बक्षिसं द्यायला तोच बंदुकांचा दुकानदार आला होता. काकूंच्या हातातली बंदूक पाहून तो गालात हसला. "काय काकू, शेवटी आखूडच घेतलीत ना?"

"आखूड नाही ही. अंगाबरोबर आहे," काकू म्हणाल्या. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी त्याच्या शर्टाची बाही मोजली. "आखूड ही आहे. कोणी शिवली?"