संताच्या मूळ देशाचा दाखला

सोमवार, १७ मार्च. सकाळचे सव्वादहा. कुंदनने द्राक्षांच्या पेटीवरचं लेबल मंजुरीसाठी आयर्लंडला, डब्लिनचे खरेदीदार मर्फीसाहेब यांना मेल केलं. दुसऱ्याच क्षणी उत्तर आलं : आज संत पॅट्रिक यांचा दिवस, कार्यालय बंद.

कुंदन नाशिकच्या एका द्राक्ष निर्यात कंपनीचा मॅनेजर. आपल्याला आजवर कुणी गंडवलेलं नाही, हे तो न विचारता सगळ्यांना सांगत असे.

"पल्लवी, तिकडे आत्ता पहाटेचे पावणेपाच. सुट्टी कळवायला मर्फीसाहेब गजर लावून उठले?"

"सर, ते आपोआप येतं," कागदपत्रं बघणारी पल्लवी म्हणाली.

"आपोआप फक्त थाप येते! दुसऱ्याकडून माल घेतायत ते."

तेवढ्यात निफाडहून द्राक्षबागायतदार गोरक्षचा फोन. "साहेब, माल तोडून तुमच्या कोल्ड स्टोरेजला दिलाय. पेट्या कधी भरायच्या? दोन-तीन दिवसांत देठ वाळले, की तिकडचा साहेब नाय म्हणायला मोकळा!"

कुंदनने संताचीच चौकशी सुरू केली. तासाभरात त्याचे डोळे बटाट्याएवढे झाले.

"संत आयर्लंडचा, पण जन्म ब्रिटनमधला! चाच्यांनी पळवून आयर्लंडला नेला, सहा वर्षं मेंढ्या राखल्या, पळून घरी गेला, आणि धर्म सांगायला परत तिथंच! पळवणाऱ्यांकडे कोण परत जातं?"

"मागच्या सीझनला माल अडवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे यंदा आपणच गेलो, सर."

"बरं, देशातले साप हाकलले म्हणे. तिथं साप नव्हतेच! आणि १७ मार्च ही पुण्यतिथी. पुण्यतिथीला मिरवणूक आणि नाच?"

"आपल्याकडे पुण्यतिथीला बुंदी असतेच की!"

पण कुंदनची बोटं चालू झाली होती. द्राक्षांच्या प्रत्येक खेपेसोबत तो मूळ देशाचा दाखला पाठवत असे. आता त्याने मर्फीसाहेबांकडे संताच्या मूळ देशाचा दाखला मागितला. शिक्क्यासह!

मंगळवारी दुपारी साधं उत्तर आलं : दाखला नाही. बुधवारी पेट्या भरताना व्हिडिओवर दाखवा, लेबल लगेच मंजूर करतो.

बुधवारी रंगपंचमी! पेट्या भरणाऱ्या बाया कामाला येणार नव्हत्या. कुंदनने कळवलं, रंगांचा सण, सुट्टी.

दहा मिनिटांत मर्फीसाहेब : रंगांचा सण शुक्रवारी झाला. तुमच्याच कंपनीच्या शुभेच्छा माझ्याकडे आहेत. आता बुधवारच्या सणाचा दाखला तुम्ही द्या, मग लेबलचं बघू.

"शुभेच्छा कुणी पाठवल्या?"

"मी, सर. धुळवडीच्या. सगळा देश शुक्रवारीच खेळला ना!"

"आणि नाशिक पाच दिवसांनी खेळतं, हे त्या माणसाला कसं पटवू? मलाच पटलं नसतं!"

बुधवारी दुपारी चार वाजता, फोटोत तारीख दिसावी म्हणून, कुंदन त्या दिवसाचं वर्तमानपत्र छातीशी धरून जुन्या नाशकातल्या रहाडीच्या काठावर उभा राहिला. रहाड म्हणजे रंगाने भरलेला हौद. पल्लवीने मोबाइल रोखला. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, कोरडे कसे?" आणि धक्का दिला. फोटो आला तो पाण्यातला. तोच डब्लिनला पाठवला.

संध्याकाळी सहाला गोरक्षचा चौथा फोन वाजत होता. मर्फीसाहेबांचा निरोप एवढाच होता : माणूस भिजलेला दिसतो. तारीख दिसत नाही.