कुजका पूल आणि फटकळ डचेस

बेफिकिरी हा माणसाचा स्वभाव नसून त्याच्या मिळकतीचा भाग असतो, हे इंग्लंडात सर्वमान्य आहे. गाडीवानाने चर्चच्या दफनभूमीतून भरधाव घोडा घातला तर तो कोठडीत जातो. हॉर्नमियरच्या तरुण ड्यूकने घातला, तेव्हा गावातल्या बायकांनी खिडक्या उघडल्या. (दफनभूमीतल्या कुणाचीही तक्रार आली नाही.)

फटकळपणाचंही तेच. पाद्र्याची मुलगी टॅबिथा फटकळ होती आणि तिला हुंडा नव्हता, त्यामुळे तो दुर्गुण ठरला होता.

त्या वसंतात तिने एकच धोशा लावला होता. नदीवरच्या लाकडी पुलाचे खांब कुजलेत, आणि गवळणी रोज त्याच्यावरून ये-जा करतात. पूल ड्यूकच्या मालकीचा. म्हणून रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिने त्यालाच सगळ्यांदेखत गाठलं.

"सरकार, तुमचा पूल कुजलाय. आणि घोडा हाकताना जरा डोळे उघडे ठेवत जा."

आईने तिचा दंड धरला. "टॅबी, जिभेला काही हाड? तुझ्या वडिलांची नोकरी यांच्याच हातात आहे."

ड्यूक मात्र गुंग होऊन उभा होता. जन्मात त्याला कुणी बोललं नव्हतं.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

त्याला कमी ऐकू येतं असं समजून ती मोठ्याने पुन्हा म्हणाली.

तेव्हापासून तो बोलणी खायला नेमाने येऊ लागला, तोही कुंपणावरून घोडा उडवत. आधी कोबीचा वाफा गेला, मग वाटाण्याचा. (प्रेमात काहीतरी तुडवलं जातंच.) टॅबिथाला त्याचा भयंकर राग येई. एकदा तो आला नाही, तर दिवसभर ती मांजरावर खेकसत राहिली, आणि मग तिला स्वतःचीच काळजी वाटू लागली.

"माझ्याशी लग्न करा," तो एकदा उरल्यासुरल्या वाटाण्यात उभा राहून म्हणाला. "मला खरं सांगणारं कुणी नाही हो."

"ऐकणार असाल तर करते."

"शब्दन् शब्द ऐकेन."

लग्न लागलं आणि तिचा दुर्गुण त्याच दिवशी विनोदबुद्धी झाला. लंडनची बडी मंडळी अपमान करून घ्यायला लांबून येऊ लागली. एक अर्ल तर आपला अपमान झाला नाही म्हणून रुसून गेला. मेजवानीत ती म्हणाली, "पूल कुजलाय," आणि पाहुण्यांच्या हसून हसून मुरकुंड्या वळल्या.

"अहो, खरंच सांगतेय मी," ती नवऱ्याला म्हणाली.

ड्यूकने अभिमानाने डोळे पुसले. "बघा, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही हिची."

टॅबिथाला माहेर आठवलं. तिथे निदान लोक तिच्यावर चिडायचे तरी.

शरदात पाहुण्यांना मर्दुमकी दाखवायला ड्यूकने पुलावर घोडा घातला. घोडा पोहत काठाला लागला. ड्यूकला पोहता येत नव्हतं. टॅबिथा रेशमी झग्यानिशी पाण्यात शिरली आणि कॉलर धरून तिने त्याला चिखलातून ओढून काढलं.

"टॅबी," तो धापा टाकत म्हणाला, "आधी सांगायचं नाही का गं?"

ती काहीच बोलली नाही. त्याला घट्ट धरून बसली. काठावरच्यांना गहिवरून आलं. लग्नाने पोरगी सुधारली, असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढे दोघांनी चुंबन घेतलं का, हे ही हकिकत ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. घेतलं. गवळणी हल्ली नदी कशी ओलांडतात, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. आपणही कुठे विचारलंत?